साडेबाराची साथ

काल घड्याळं मागे गेली. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी आयर्लंडमध्ये प्रत्येकाला एक तास फुकट मिळतो आणि त्याचं काय करायचं ते कुणालाच कळत नाही. फोनमधलं घड्याळ आपलं आपण बदलतं, ओव्हनवरचं मी बदलतो, आणि जिन्यातलं घड्याळ माझी बायको अनघा तसंच ठेवते. मार्चमध्ये ते आपोआप बरोबर होणार आहे, मग स्टुलावर कशाला चढायचं, असं तिचं म्हणणं. मला ते पटतं. हल्ली मला बहुतेक सगळंच पटतं.

घड्याळं मागे गेली म्हणजे भारत एक तास लांब गेला. उन्हाळ्यात तो साडेचार तासांवर असतो, हिवाळ्यात साडेपाच. कॉर्कमध्ये दुपारचे साडेबारा म्हणजे अमरावतीत संध्याकाळचे सहा, देवापाशी दिवा लावायची वेळ. गेल्या वर्षी याच आठवड्यात सुरू झालं. आई दिवा लावून अमरावतीच्या घरी फोनसमोर बसायची आणि गायची. मी इथे जेवणाच्या सुट्टीत लॅपटॉप बाजूला सारून तिला कीबोर्डवर साथ द्यायचो. या मे महिन्यात ती गेली. त्या साथीच्या एकोणचाळीस फाइली माझ्या पेनड्राइव्हवर आहेत. एकाही फाइलीत तिचा आवाज नाही.

याला जबाबदार एक तक्ता आहे, आणि तो मीच केला होता.

मी सॉफ्टवेअर तपासण्याचं काम करतो. दुसऱ्याने बनवलेल्या गोष्टीत काय बिघडू शकेल हे शोधायचे मला पैसे मिळतात. त्यामुळे घरात काहीही घ्यायचं झालं की मी आधी तक्ता करतो. व्हॅक्यूम क्लीनर घेताना केला होता, गादी घेताना केला होता. अनघा म्हणते, लग्नाच्या वेळीही केला असशील. नव्हता केला, पण ती विश्वास ठेवत नाही. गेल्या वर्षी सप्टेंबरात माझ्या जुन्या कीबोर्डच्या दोन पांढऱ्या पट्ट्या मुक्या झाल्या आणि नवा घ्यायची वेळ आली. तसा तो आमच्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमांचा कीबोर्ड होता. गणपतीला, दिवाळीला मी तो गाडीत घालून हॉलवर न्यायचो. समीर गायचा, मी वाजवायचो, बटाटेवडे संपायच्या आत कार्यक्रम संपवायचा असा आमचा शिरस्ता होता. पण गणपती ऑनलाइन झाले होते आणि हॉलला कुलूप होतं.

मला हवा होता तो अरेंजर कीबोर्ड. डाव्या हाताने तीन पट्ट्या धरल्या की ठेका, बेस, गिटार, सगळा ताफा आतून आपोआप वाजू लागतो, आणि उजव्या हाताने आपण गाण्याची चाल वाजवायची. एकटा माणूस आणि चौघांचा आवाज. यात दोन जाती असतात. एक घरातला: हलका, पोटात स्पीकर, खुर्ची ओढली की सुरू. दुसरा स्टेजचा: जड, स्वतःचे स्पीकर नाहीत, पण मागे हवी तेवढी भोकं. गायकाचा माइक त्यातच लावा, बाहेरचा कुठलाही आवाज आत घ्या, सगळं एकत्र ध्वनिमुद्रित करा.

समीरचा फोन आला. "स्टेजचाच घे यार. हे सगळं संपणारच आहे ना कधीतरी. मग काय, घरातलं खेळणं घेऊन येणार का हॉलवर?"

"कधी संपणार?"

"ते मला काय माहीत? पण आपण तयार असलेलं बरं. तू घे, बाकीचं मी बघतो. होईल सगळं ग्रँड." समीर कॉर्कमध्ये आठ वर्षं आहे. इथल्या लोकांसारखं त्याचंही सगळंच ग्रँड, म्हणजे झकास, असतं.

मी तक्ता केला. वजन, पट्ट्यांचा स्पर्श, तबल्याचा आवाज खरा वाटतो की पत्र्याचा, पट्टी बदलायचं बटण हाताशी आहे की तीन पानं आत शोधावं लागतं. हे शेवटचं माझ्यासाठी महत्त्वाचं. मी कबूल करतो की मला एकाच पट्टीत वाजवता येतं, पांढरी एक. गायक काळी दोन म्हणो नाहीतर पांढरी चार, माझी बोटं तिथेच असतात आणि बटण दाबून मी यंत्राला वर-खाली सरकवतो. समोरच्याला कळत नाही. दोन्ही कीबोर्डांना ते बटण हाताशी होतं. मग पुढची ओळ आली, "माइक आणि बाहेरचा आवाज आत घ्यायची सोय". स्टेजच्यासमोर लिहिलं, आहे. घरच्यासमोर, नाही. शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं, "घरात गरज नाही." त्याच्या खाली ध्वनिमुद्रणाची ओळ. घरचा फक्त स्वतःचा आवाज मुद्रित करतो. शेरा: "चालेल."

तो तक्ता अजून आहे. मधूनमधून मी तो उघडतो आणि त्या दोन ओळी वाचतो. वाचून काही होत नाही. नुसत्या दोन ओळी दिसतात.

घरचा घेतला. दुकानाचं दार बंदच होतं. दुकानदाराने खोकं फुटपाथवर ठेवलं, दोन पावलं मागे गेला आणि मास्कमधून काहीतरी छान म्हणाला. मी ते गाडीत घातलं.

आईला फोनवर दाखवला. आई शाळेत शिक्षिका होती. निवृत्तीनंतर बायकांच्या भजनी मंडळात शिरली आणि दोन वर्षांत तिथली मुख्याध्यापिका झाली. आता मंडळ बंद होतं आणि जुन्या कॅलेंडरचं कव्हर घातलेली तिची गाण्यांची वही नुसती पडून होती. तिने कीबोर्ड नीट बघितला, वाजवायला लावला आणि म्हणाली, "माझी पट्टी काळी चार. लाव."

पहिल्या दिवशी तीन ओळींच्या पुढे गेलो नाही. फोनवरून आवाज जायला आणि यायला वेळ लागतो, हे मला माहीत असायला हवं होतं. माझा सूर तिच्यापर्यंत उशिरा पोचायचा, ती त्यावर गायची, ते माझ्याकडे आणखी उशिरा यायचं. मला वाटायचं ती रेंगाळते आहे, म्हणून मी ठेका बंद करून तिच्यासाठी थांबायचो. ती माझ्यासाठी थांबायची. गाणं सावकाश होत होत तिसऱ्या ओळीला उभंच राहिलं.

"काहून रे, तू मागे मागे पडून राहिला," आई म्हणाली.

"मी नाही, तू पडतेस मागे."

"मी चाळीस पोरांना एका तालात कवायत करवली आहे. मी नाही पडत."

मागून बाबांचा आवाज आला, "दोघंही पडून राहिले." बाबा बँकेतून निवृत्त झालेले. त्यांना गाण्यातलं कळत नाही, पण जुळतं की नाही ते लगेच कळतं.

मी रात्रभर विचार करणाऱ्यांतला नाही, पण दुसऱ्या दिवशी दात घासताना उत्तर सापडलं. तिने माझं ऐकायचं, मी तिचं ऐकायचं नाही. ठेका चालू ठेवायचा, कशासाठीही थांबायचं नाही. तिच्या घरात माझा आवाज पोचेल, त्यावर ती गाईल, आणि तिथे, अमरावतीत, सगळं बरोबर जुळेल. इथे काय ऐकू येतं त्याला महत्त्व नाही. पण ऐकू आलं की बोटं थांबतात, म्हणून मी फोनचा आवाज शून्यावर नेला. फोन पुस्तकांच्या चळतीवर, पडदा खाली पट्ट्यांकडे झुकवून ठेवला, कारण आईला माझी बोटं दिसायला हवी होती. म्हणजे मला तिचा चेहराही दिसत नव्हता. गाण्याआधी आम्ही सगळं ठरवून घ्यायचो: धृपद दोनदा, मध्ये आठ मात्रा, कडवं, परत धृपद, शेवट. मग मी आवाज बंद करायचो आणि वाजवायला लागायचो.

जमलं. गाणं संपलं की मी आवाज वाढवायचो आणि आई विचारायची, "कसं झालं?"

"छान झालं."

पुन्हा सांगतो, मी काहीही ऐकलेलं नसायचं. सुरुवातीला ते म्हणताना जरा अडखळल्यासारखं व्हायचं, मग नाही झालं. ती खूश असायची. बाबा म्हणायचे, "आज मस्त जमलं." मला वाटायचं, साथ देणाऱ्याचं काम गायकाला खूश ठेवणं, ते मी करतो आहे.

तो हिवाळा असाच गेला. नियमाप्रमाणे घरापासून पाच किलोमीटरच्या आत राहायचं, साडेनऊला मीटिंग, साडेबाराला आई, एकला आदल्या दिवशीची भाजी गरम करायची. पाऊस यायचा, म्हणजे असायचाच. आमच्या भिंतीला भिंत लागून नोरा राहते, सत्तरीची, एकटी. एकदा कुंपणाशी म्हणाली, "तुझं साडेबाराचं सुरू झालं की मी सूप गरम करायला ठेवते." मी माफी मागायला लागलो तर हाताने थांबवलं मला. तिला भिंतीतून फक्त कीबोर्ड ऐकू जायचा. माझ्यापेक्षा कमी नाही आणि जास्तही नाही.

एखादं चांगलं वाजवलं की मी ते मुद्रित करायचो, चुका तपासायला. सवयच ती. कुठल्या फाइलीत कुठे डावा हात चुकला ते मी आजही सांगू शकतो.

मार्चमध्ये घड्याळं पुढे गेली. सहा तिकडे तेच राहिले, इथे दीड वाजायला लागला, आणि मी एक मीटिंग सरकवून घेतली. अमरावतीत ऊन तापलं होतं. कूलर लावला की घरघर होते म्हणून गाणं होईपर्यंत आई तो बंद ठेवायला लावायची आणि बाबा कुरकुरायचे. एप्रिलच्या सुरुवातीला एकदा ती म्हणाली, "आज पांढरी पाच घे."

काळी चारच्या लगेच खालची. अर्धा सूर खाली. मी बटण एकदा दाबलं. का, ते विचारलं नाही. गायक पट्टी उतरवायला सांगतो तेव्हा साथीदाराने कारण विचारू नये, असा आमच्यातला शिष्टाचार आहे. आणि तिचा आवाज कसा येतो आहे हे मला कुठे माहीत होतं? ऐकणाऱ्याला कळलं असतं की ओळीच्या मध्ये श्वास तुटतो आहे. मी वाजवलं, आणि छान झालं म्हणालो.

एप्रिलच्या शेवटी दोघांनाही ताप आला. बाबा घरीच बरे झाले, आईला दवाखान्यात न्यावं लागलं. मी विमानं बघितली, कागद बघितले, परतल्यावर विलगीकरणासाठी हॉटेलात अडकून राहायचे दिवस मोजले, आणि तेवढ्यात ते संपलंही. बाबांचा फोन आला तेव्हा माझी सकाळची मीटिंग चालू होती.

"गेली रे," बाबा म्हणाले.

"किती वाजता?" मी विचारलं. त्यांनी सांगितलं. मी ते समोरच्या कागदावर लिहून घेतलं. मग मीटिंगमध्ये माझी पाळी आली, मी माइक चालू केला आणि कालचं काम आणि आजचं काम सांगितलं. कुणालाही काही कळलं नाही. मलाही फारसं कळलं नाही. अनघा खाली स्वयंपाकघरात होती, तिला मी अर्ध्या तासाने सांगितलं. ती रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिलो आणि ओव्हनवरचं घड्याळ बघत होतो.

मी तेव्हा रडलो नाही, नंतरचे कित्येक महिनेही नाही. लोक म्हणतात धक्का असेल, उतरेल. मी वाट बघितली. काहीच उतरलं नाही, कारण काही चढलंच नव्हतं. दीड वाजायचा, मी जेवायचो. कुंपणाशी नोराने विचारलं की वाजवणं का थांबलं, तेव्हा मी सांगितलं. ती म्हणाली, "सॉरी फॉर युअर ट्रबल." कुणी गेलं की इथे असंच म्हणतात. मग थोड्या वेळाने म्हणाली, "मला वाटायचं तू एकटाच वाजवतोस." तिने घरी केलेला पाव आणून दिला. तो आम्ही चार दिवस खाल्ला.

कीबोर्ड मी जिन्याखालच्या प्रेसमध्ये ठेवला. इथल्या लोकांसारखं आम्हीही आता कपाटाला प्रेस म्हणतो.

सप्टेंबरात गणपतीला हॉल उघडला. मोजकी माणसं, मास्क, खुर्च्यांमध्ये अंतर. समीरने कुणाकडून तरी स्टेजचा कीबोर्ड मागून आणला होता, तोच, माझ्या तक्त्यातला. "वाजवून तर बघ," तो म्हणाला, "मग कळेल काय घ्यायला हवं होतं." खरंच चांगला होता. पट्ट्या भारदस्त, तबला तबल्यासारखा. माझ्या पायाशी एक छोटा स्पीकर माझ्याकडे तोंड करून ठेवला होता, गायकाचा आवाज वाजवणाऱ्याला ऐकू यावा म्हणून. गाणं सुरू व्हायच्या आधी माझा हात आपोआप खाली गेला आणि मी त्याचा आवाज शून्यावर नेला. माझ्या ते लक्षातही आलं नाही.

समीर रंगात आला. दीड वर्षानंतर माणसं समोर होती. दुसऱ्या कडव्याच्या आधी त्याने लांब आलाप घेतला, ठरलं नव्हतं तो. मी ठरल्याप्रमाणे कडव्यावर गेलो. तो आलापात, मी कडव्यात. माणसं हसली, समीरही हसला, गाणं कसंबसं जुळवून संपवलं.

वायर गुंडाळताना तो म्हणाला, "तू ऐकत नव्हतास का मला?"

"नाही," मी म्हणालो.

त्याला वाटलं मी गंमत करतो आहे.

आज साडेबाराला मी अमरावतीला फोन लावला. घड्याळं बदलल्यामुळे पुन्हा तिकडचे सहा इथल्या साडेबारावर आले होते आणि आज वसुबारसही होती. बाबांनी दिवा लावला होता, तसं त्यांनी सांगितलं. मागे कुणीतरी फटाके वाजवत होतं. कणीक किती भिजवायची ते त्यांना आता अंदाजाने जमतं. जेवणाचं, औषधाचं बोलून झालं. मग ते म्हणाले, "मागच्या वर्षी या वेळेला तुमचं सुरू व्हायचं. त्या दिवसांत मस्त गायची ती. तू तर रोज ऐकलंच."

मी हो म्हणणार होतो. तोंडात आलंही होतं. इतके महिने तेच तर म्हणत होतो.

"बाबा, मी ऐकलं नाही," मी म्हणालो. "मी फोनचा आवाज बंद करून वाजवायचो. नाहीतर जुळत नव्हतं. एकदाही ऐकलं नाही मी."

तिकडे फटाके वाजत राहिले.

"तिले माहीत होतं न," बाबा म्हणाले.

"काय?"

"संक्रांतीच्या सुमारास एक दिवस तिचा घसा बसला होता. ती म्हणे, आज गाणं नाही. मी म्हटलं, मग सांग त्याला. तर म्हणे थांबा, गंमत बघू. तू वाजवून राहिला, धृपद, कडवं, सगळं. ही वही मिटून तुझ्या बोटांकडे बघत बसली. एक अक्षर म्हटलं नाही. संपल्यावर विचारलं, कसं झालं? तू म्हणाला, छान झालं." बाबा थोडं हसले. "फोन ठेवल्यावर किती हसली बाप्पा. डोळ्यांत पाणी आलं तिच्या."

"मग बोलली का नाही?"

"मी म्हटलं होतं, सांग त्याला. तर म्हणे, कशाला? बिचारा जेवण सोडून वाजवून राहिला, वाजवू द्या."

डोळे पुसायला हाताशी काही नव्हतं म्हणून बाही वापरली. अनघाचा ऑफिसचा कॉल चालू होता आणि मला आवाज करायचा नव्हता.

"आहेस का?" बाबांनी विचारलं.

"आहे."

"आणतो का ते तुझं यंत्र? वाजव थोडं. सहा वाजले की घर कसंतरी वाटतं."

मी प्रेसमधून कीबोर्ड काढला. त्याच्यावर व्हॅक्यूम क्लीनरची नळी पडली होती. सुरू केला तर पांढरी पाच लावलेलीच होती, शेवटची तशीच राहिली होती. ठेका मी लावला नाही. फोन समोर उभा केला, बाबांचा चेहरा दिसेल असा, आणि आवाज पूर्ण वाढवला. फटाके, पंखा, कुणाच्या तरी कुकरची शिट्टी, सगळं खोलीत आलं. मी धृपद धरलं. बाबांनी टेबलावर बोटांनी ठेका द्यायला सुरुवात केली. उशिरा येत होता तो. मी त्याच्यासाठी थांबलो, ते माझ्यासाठी थांबले. पुन्हा थांबलो. दोन ओळी झाल्या, आणि तिसऱ्या ओळीला गाणं उभं राहिलं.

"तू मागे पडून राहिला," बाबा म्हणाले.

"हो बाबा," मी म्हणालो. "ऐकत होतो."